आरसा नको, पटर हवा

गोल्फच्या गंजलेल्या पटरवर सगळीकडून एकच उपाय सांगितला जातो : पॉलिश पेपरने घासून काढा, बफ मारा, वर क्रोम चढवा, नव्यासारखा होऊन येईल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखंही बरंच आहे. गंज अर्धवट ठेवला तर तो पसरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर ओल धरत नाही. मुलाम्याखालच्या लोखंडाला हवा लागत नाही. आणि देखणी वस्तू माणूस जास्त जपतो, हे तर कुणीही कबूल करेल. यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे. पण ही खरी वाक्यं एकापुढे एक मांडून जो सल्ला तयार होतो, तो जुन्या पटरच्या जिवावर उठणारा आहे.

सोलापूर हे काही गोल्फचं गाव नाही. इथल्या बहुतेकांना हा खेळ टीव्हीवरच भेटतो. तरीही जुने पटर इथे येत राहतात. लष्करातून निवृत्त झालेल्या एखाद्याच्या घरात माळ्यावर अख्खी पिशवी सापडते. पुण्यात नोकरी करणारा मुलगा तिथल्या जुन्या बाजारातून एखादा स्वस्तात उचलून आणतो. परदेशातून सुटीला आलेला भाचा आपला जुना इथेच टाकून जातो. आणि लोखंडाची वस्तू एकदा सोलापुरात आली की तिची वाट ठरलेली. एमआयडीसीत लेथ आहेत, बफिंगची चाकं आहेत, प्लेटिंगच्या टाक्या आहेत. कारागीर वस्तू हातात घेतो, उलटसुलट करतो आणि म्हणतो, "ठेवून जावा मालक, आरसा करून देतो." त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आरसाच मागतं.

पटर करतो काय, ते आधी पाहू. गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. पटर सोडून बाकीच्या चेंडू उडवण्यासाठी. पटर तो हिरवळीवरून भोकापर्यंत घरंगळत नेण्यासाठी. 72 फटक्यांचं मैदान म्हणतात त्यात अठरा भोकांना प्रत्येकी दोन, असे 36 फटके पटरचेच धरलेले असतात. म्हणजे हिशेबाने निम्मा खेळ. आजच्या पटरचं हेड साधारण 330 ते 360 ग्रॅमचं, जुन्या सपाट पट्टीसारखं असेल तर त्याहून हलकं. चेंडूला भिडणारी बाजू, म्हणजे फेस, अगदी उभी नसते. तिला तीन-चार अंशांचा कल असतो, कारण चेंडू गवतात किंचित रुतलेला असतो आणि त्याला त्या खळगीतून हलकेच वर काढून मग घरंगळू द्यायचं असतं. आता अचूकपणाचा हिशेब बघा. चार मीटरवरून मारताना चेंडूची दिशा एका अंशाने चुकली तर तो भोकाशी पोचेपर्यंत सात सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडा 54 मिलिमीटरवर. गेला फटका.

ज्या वस्तूचं काम एका अंशावर अवलंबून आहे, तिच्या फेसला आपण कापडाचं मऊ चाक लावायला निघालो आहोत. बफचं चाक सपाटी राखू शकत नाही, हे ते चालवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. कडेला ते जास्त खातं, मध्ये कमी. दोन-चार वेळा पॉलिश झालं की धारदार कडा गोल होतात आणि सपाट फेसला पोट येतं. पोट आलेल्या फेसवर चेंडू मधोमध लागला तर ठीक. बोटभर इकडे-तिकडे लागला की दिशा बदलली. हेडच्या वरच्या कडेवर नेम धरण्यासाठी कोरलेली रेघ असते, ती बफमध्ये पुसट होते. कारखान्याने ठोकलेली अक्षरं तर सगळ्यात आधी जातात, कारण ती मुळातच फार खोल नसतात.

वजनाचंही तेच. पट्टीसारख्या हेडचा एकूण पृष्ठभाग सव्वाशे चौरस सेंटिमीटर धरू. गंजाचे खड्डे दिसेनासे होईपर्यंत सगळीकडून मिलिमीटरचा फक्त दहावा भाग घासला, तरी जवळजवळ दहा ग्रॅम पोलाद गेलं. जुन्या गंजाचे खड्डे पुष्कळदा याहून खोल असतात. 'दहा ग्रॅमनं काय होतंय' असं ज्याला वाटतं त्याने खेळणाऱ्यांच्या हातात दोन पटर देऊन पाहावेत. हेडचं वजन नेमकं जमावं म्हणून शिशाच्या पट्टीचे इवलेसे तुकडे चिकटवत बसणारी ही माणसं आहेत.

हे सगळं तर्काने पटण्यासारखं आहे, पण तर्कापेक्षा मोठा पुरावा खेळाच्या इतिहासातच पडलेला आहे. बॉबी जोन्स हा अमेरिकेचा हौशी खेळाडू. 1930 साली त्याने एकाच वर्षात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या; तसं त्यानंतर कुणाला जमलेलं नाही. त्याच्या पटरला 'कॅलॅमिटी जेन' असं नाव होतं. हिकरी लाकडाची दांडी, दांडीवर दोरा गुंडाळून केलेली दुरुस्ती आणि साध्या लोखंडाचं पातं. 1923 ची यूएस ओपन, म्हणजे त्याची पहिली मोठी स्पर्धा, त्याने याच पटरने जिंकली. त्या काळचं लोखंड गंजायचं, आणि गंजलं की घासायचं, ही रीत. अशा घासण्याने फेस इतका बिघडला की 1926 च्या सुमारास जोन्सला त्याची हुबेहूब प्रत करून घ्यावी लागली आणि 1930 चा पराक्रम त्या दुसऱ्या 'जेन'ने झाला. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पटरला गंजाने बाद केलं नाही. गंज काढण्याच्या हौसेने केलं. बफवाल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यावं, मग पुढे बोलू.

उलट बाजूचं उदाहरण टायगर वुड्सचं. त्याच्या पंधरा मोठ्या विजेतेपदांपैकी चौदा एकाच स्टेनलेस स्टीलच्या पटरवर आहेत. त्या पटरच्या फेसवर, चेंडू जिथे वर्षानुवर्षं लागला तिथे, नाण्याएवढा झिजलेला डाग जवळून घेतलेल्या फोटोंत स्पष्ट दिसतो. पैशांची किंवा कारागिरांची त्याला वाण नव्हती. तरी तो डाग तसाच राहिला. 'झिजलेला पटर स्पर्धेत चालत नाही' अशीही एक समजूत कानावर येते. तिला आधार नाही. खेळाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की नियमात बसणारी काठी नेहमीच्या वापराने झिजली तरी ती नियमातच राहते.

आता सोलापूरकराला हे परक्या खेळाचं लफडं वाटत असेल, तर त्याने पूर्व भागात एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात डोकावावं. मागाची फणी पोलादी तारांची असते आणि ताण्याचा प्रत्येक धागा तिच्या दोन तारांमधून जातो. पावसाळ्यात माग काही दिवस बंद राहिला की फणी गंज धरते. मग पहिल्याच पांढऱ्या टॉवेलवर तांबूस रेघ उठते आणि तो माल दुय्यम म्हणून बाजूला पडतो. गंज म्हणजे काय हे या गावाला कुणी शिकवायला नको. पण म्हणून कुणी फणीला खरखरीत पॉलिश पेपर लावत नाही, कारण तारेवर एक ओरखडा उठला की तो पुढे हजार वेळा धागा कापतो. फणीला तेल, ब्रश, कापड आणि सबुरी. तिची चमक कुणी पाहत नाही. तारा सरळ आहेत का आणि धागा अडतो का, एवढंच पाहतात. हीच अक्कल आपण पटर हातात आल्यावर का विसरतो, हे मला कोडंच आहे. बहुधा माग पोट भरतो आणि पटर दिवाणखान्यात ठेवायचा असतो, म्हणून असेल.

क्रोमच्या बाजूने जे बोललं जातं त्यात सगळ्यात पोकळ भाग म्हणजे 'एकदा क्रोम केलं की चिंता मिटली'. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. खरं संरक्षण त्याच्या खालच्या निकेलचं. हे थर चकचकीत दिसावेत म्हणून खालचा धातू आधी आरशासारखा करावा लागतो, म्हणजे पुन्हा तेच बफचं चाक. खड्ड्यांच्या तळाशी गंज राहून गेला असेल तर तो मुलाम्याखाली आपलं काम चालू ठेवतो आणि एक दिवस फोड येऊन क्रोमची खपली निघते. शिवाय मे महिन्यातल्या दुपारी चकचकीत क्रोमचं हेड खाली धरून नेम लावून पाहा. सूर्य सरळ डोळ्यांत येतो. पटर काळे, करडे किंवा मंद झळाळीचे बनवतात त्यामागे फॅशनइतकंच हेही कारण आहे.

पावडर कोटिंगची सूचना तर याहून अचाट. ती पावडर भट्टीत 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजावी लागते. हेड आणि शाफ्ट, म्हणजे दांडी, जोडणारा इपॉक्सी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो आणि जोडावरची प्लास्टिकची कडी वितळते. गेटाला, सायकलच्या सांगाड्याला पावडर कोटिंग उत्तम. पटरच्या फेसवर मात्र प्लास्टिकचं कातडं चढवून पोलादाच्या स्पर्शाची अपेक्षा करायची, हे काही खरं नव्हे.

राहिला एकच भारदस्त आक्षेप : गंज मुळापासून काढला नाही तर तो परत येणार. यात अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्यावरच सगळा धंदा उभा आहे. लाल, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज काढायलाच हवा. तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो, सुटतो आणि खालचं नवं लोखंड उघडं पाडतो. पण खड्ड्याच्या तळाला काळसर, घट्ट बसलेला जो थर उरतो, तो वेगळा. तो तेलाखाली कोरडा राहिला तर पसरत नाही. गंजाला लागते ओल आणि तिला बळ देतं मीठ. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्याने याची धास्ती घ्यावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत वर्षातले बरेचसे महिने लोखंड सुखात असतं. इथले खरे शत्रू दोन. हाताचा घाम, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुऊन वस्तू तशीच वाळत ठेवण्याची सवय.

आणखी एक शत्रू म्हणजे न्हाणीघर साफ करायचं ॲसिड. त्याने गंज झटकन निघतो म्हणून लोक खूश होतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यातले क्लोराइड खड्ड्यांत दडून बसतात आणि आठवड्याभरात गंज पहिल्यापेक्षा जोमाने उठतो. शाफ्टच्या कडक पोलादात अशा ॲसिडमुळे हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

मग करायचं काय? आधी धातू ओळखायचा, कारण बरेच पटर लोखंडाचे नसतातच. चुंबक लावावं. घट्ट चिकटलं तर साधं पोलाद किंवा एका जातीचं स्टेनलेस. चिकटलं नाही तर पितळ, ब्राँझ, ॲल्युमिनियम, दुसऱ्या जातीचं स्टेनलेस, नाहीतर जस्ताचा ओतीव माल. कार्स्टन सोल्हाइमने 1966 साली काढलेला आणि पुढे जगभर नक्कल झालेला पिंग कंपनीचा 'अँसर' पटर मँगनीज ब्राँझचा होता. त्यावर काळपट छटा येते, तिला गंज समजून घासणारे भेटतात. स्वस्तातले क्रोम केलेले पटर बहुधा जस्ताचे. त्यांच्यावर लाल गंज येतच नाही. पांढरी पूड येते आणि क्रोमला फोड येतात. असा पटर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला तर सकाळी गंजाऐवजी पटरच कमी झालेला दिसेल. त्याला तेलाचं बोट लावून खेळावं, दुसरा इलाज नाही. पितळेला चिंच पुरते, तीही हवी असेल तरच.

साध्या पोलादाचा असेल तर काम सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे. शिलाई मशीनचं तेल लावून एक दिवस मुरू द्यावं. मग सगळ्यात बारीक स्टील वूल तेलातच भिजवून हलक्या हाताने फिरवावं, फेसवर नेहमी एकाच दिशेने. बहुतेक वेळा एवढ्यातच लाल गंज निघतो आणि खालचा करडा धातू दिसू लागतो. हट्टी जागांसाठी साधं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी, तेही फक्त हेडपुरतं. शाफ्ट बाहेर राहील अशा बेताने उलटं लोंबकळत ठेवायचं आणि मधूनमधून काढून बघत राहायचं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्लाचा अंश मारायचा, शक्यतो गोड्या पाण्याने धुवायचं आणि लगेच पुसून उन्हात ठेवायचं. उन्हाची आपल्याकडे ददात नाही. ओला पटर पंधरा मिनिटं विसरला तर त्यावर केशरी साय धरते, म्हणून कोरडा होताच तेल. अक्षरांत आणि नेमाच्या रेघेत रंग भरायचा तर एनॅमल रंग काडीने सोडायचा आणि वरचा जादा रंग थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यायचा. एवढ्याने पटर जितका 'नवा' दिसतो तितका पुरे.

शाफ्टकडे मात्र कडक नजरेने पाहावं. वरून क्रोम शाबूत आणि आतून पोखरलेला, असं पुष्कळदा असतं. ग्रिप काढून शाफ्ट उलटा धरावा आणि लाकडावर हलके ठोकावा. आतून तांबडी भुकटी आणि पापुद्रे पडले तर तिथे हळहळ नको, शाफ्ट बदलावा. जुनं ते सगळं राखावं असा माझा आग्रह नाही. झिजणारा भाग बदलणं हीच दुरुस्ती. ग्रिपचं रबर कडक झालं की तेही फेकावंच.

दुसऱ्या टोकाला असणारे म्हणतात, कशाला हा व्याप? टाकून द्या, नवा घ्या. या लोकांशी माझं भांडण जास्त कडवट आहे, कारण त्यांना या देशात गोल्फ कुणी वाढवला याचा पत्ता नाही. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर कॅडी म्हणून वाढला. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची निगा राखत. मुलगा तिथेच खेळ शिकला आणि 2008 साली युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकून आला. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या पोरांच्या हातात काठी येते ती कुणीतरी वापरून सोडलेलीच. चेंबूरला 1927 पासून असलेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीत तर मुलांनी बांधकामाची सळई वाकवून काठ्या केल्या आणि गल्लीबोळांत आपला गोल्फ मांडला. पोलंडच्या तोमाश गुद्झोवाटी या छायाचित्रकाराने त्याची अख्खी चित्रमालिका केली आहे. सळई वाकवून खेळणारी पोरं असलेल्या राज्यात थोडासा गंजला म्हणून पटर भंगाराच्या काट्यावर टाकणं मला पटत नाही.

'हात लावू नका, ती पुरातन वस्तू आहे' म्हणणाऱ्यांचं थोडक्यात आटपतो. हिकरीच्या दांडीचा, शंभर वर्षं जुना, बनवणाऱ्याचं नाव असलेला पटर सापडला तर त्यांचं ऐकावं. तेलाचं बोट फिरवून गप्प बसावं. त्यांचं बफवाल्यांशी असलेलं भांडणही योग्यच आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, कारखान्यात थप्प्यांनी बनलेल्या पटरवरचा गंज हा काही वारसा नव्हे. तो नुसता गंज आहे.

आता प्रश्न राहतो काळ्या रंगाचा, कारण घासून उघडा पडलेला पोलादी पटर काही जणांना फार नागडा वाटतो. त्याला सोलापुरात क्रोमहून चांगला आणि स्वस्त मार्ग आहे. नट-बोल्ट आणि सुट्या भागांना ब्लॅकोडायझिंग करणारे कारखाने आहेत. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या द्रावणात साधारण 140 अंशांना पोलादाच्या अंगचाच काळा ऑक्साइड तयार होतो; वरून काही चढत नाही, मापं हलत नाहीत, फेसचा कल तसाच राहतो. स्टेनलेस आणि पितळेला हे चालत नाही, आणि नंतर तेलाचा हात फिरत राहिला पाहिजे, एवढ्या दोन अटी. अडचण वेगळीच आहे. हे काम किलोवर चालतं, आणि साडेतीनशे ग्रॅमच्या एका हेडसाठी कुणी टाकी पेटवत नाही. तेव्हा शाफ्टपासून हेड सुटं करून, फेसला चाक लावायचं नाही असं दोनदा बजावून, ते कुणाच्या तरी बोल्टच्या लॉटमध्ये टाकायला द्यावं. लॉट कधी लागणार आहे तेवढं विचारून ठेवावं.